अळंबी : एका गावचे अन्न, दुसऱ्या गावचे विष





शाळेचे सत्र सुरू होते त्याच सुमारास इंदुरात पाऊस सुरू होतो आणि दोन-चार चांगल्या सरी पडल्या की आपल्या मैदानाच्या कडेला, कडुनिंबाच्या झाडाखालच्या गवतात, पांढऱ्या छत्र्या उगवतात. यंदा मधल्या सुट्टीत सहावीतल्या दोन मुलींनी त्यांतल्या पाच-सहा छत्र्या उपटल्या, रुमालात बांधल्या आणि एकीने तो रुमाल दप्तरात घालून घरी नेला. तिची आजी मूळची सिंधुदुर्गाकडची. लग्न होऊन इंदूरला आली त्याला पन्नास वर्षे होत आली, पण श्रावणाच्या आधी माहेरी होणाऱ्या अळंबीच्या भाजीची आठवण ती अजून काढते. नातीला वाटले, आजीला आनंद होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी आजी स्वतः तो रुमाल घेऊन शाळेत आल्या. त्यांनी नातीला आदल्या संध्याकाळी जे सांगितले, तेच आम्हाला सांगितले, "ही आमच्या गावची न्हय. माका हेंची वळख नाय." मग समजावून म्हणाल्या, "सर, आमच्याकडे आम्ही वारुळावरची अळंबी खायचो. ती आईने दाखवलेली, आईला तिच्या सासूने दाखवलेली. ही जागा वेगळी, माती वेगळी. मुलांना सांगा, तोंडात घालू नका."

आजी गेल्यावर आम्ही थोडा वेळ तसेच बसलो. त्या छत्र्या दर पावसाळ्यात उगवतात, आम्ही दर पावसाळ्यात त्या पाहतो, आणि मुलांशी त्यांच्याविषयी एकदाही बोललो नव्हतो. ही चूक आमची. ती सुधारावी म्हणून हा लेख. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले असल्याने शब्दांत काही उणे-अधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

अळंबी म्हणजे काय?

आम्ही बी.एस्सी.ला असताना 'कवक' हा धडा वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात होता. वास्तविक अळंबी ही वनस्पती नाही. तिला हिरवे पान नाही, ती स्वतःचे अन्न तयार करीत नाही. प्राणी आणि वनस्पती यांहून वेगळी अशी बुरशींची एक स्वतंत्र सृष्टी आहे आणि अळंबी त्या सृष्टीतली. जमिनीखाली किंवा कुजक्या लाकडात बुरशीचे बारीक तंतू कापसासारखे पसरलेले असतात. तेच तिचे खरे शरीर. वर दिसणारी छत्री म्हणजे त्या शरीराला आलेले फळ. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी त्या तंतूंना छत्री. तिच्या टोपीखाली पातळ पडदे असतात आणि त्यांतून लाखो बीजाणू वाऱ्यावर उडून जातात.

कोकणात हिला अळंबी म्हणतात, गोव्यात अळमी. पुस्तकी नाव भूछत्र. न खाण्याजोगीला आपण सरसकट 'कुत्र्याची छत्री' म्हणतो, आणि हिंदीतही कुत्र्यावरूनच पडलेले नाव आहे, कुकुरमुत्ता. आपल्या मध्य प्रदेशात मंडला-बालाघाटकडे पावसाळ्यात पिहरी विकायला येते. शेजारच्या छत्तीसगडात, बस्तरमध्ये, सालवृक्षांच्या जंगलात जमिनीतून बोड़ा नावाची गोल, गोटीसारखी अळंबी काढतात आणि हंगामाच्या सुरुवातीला ती मटणापेक्षाही महाग विकली जाते. झारखंडात तिलाच रुगड़ा म्हणतात.

आजींनी सांगितलेल्या वारुळावरच्या अळंबीची गोष्ट तर फारच मजेची आहे. काही जातींच्या वाळव्या वारुळात पालापाचोळा आणि लाकडाचा चुरा आणून त्यावर ही बुरशी वाढवतात. ती बुरशी तो चुरा पचनाला सोपा करते आणि वाळव्यांना अन्न देते. पाऊस आला की त्याच शेतीतून छत्र्या वर येतात. माणसाला अजून या अळंबीची बाजारासाठी लागवड जमलेली नाही. म्हणून वारूळ मोडले की पुढच्या वर्षीची भाजीही गेली, हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या जाणत्या माणसांना ठाऊक असते.

घाबरणारे आणि आवडीने खाणारे

अळंबीच्या बाबतीत जगात दोन तऱ्हेचे समाज दिसतात. याविषयीचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. गॉर्डन वॉसन हे अमेरिकन गृहस्थ, पुढे मोठ्या बँकेत अधिकारी झाले. त्यांच्या पत्नी व्हॅलेंटिना या जन्माने रशियन, व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. १९२७ साली हे नवदांपत्य न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरांत फिरायला गेले. रानात अळंबी दिसताच व्हॅलेंटिनाबाई आनंदाने धावल्या, गुडघे टेकून त्या गोळा करू लागल्या. वॉसन भीतीने त्यांना परत बोलावू लागले. रात्री बाईंनी ती शिजवून खाल्ली. वॉसन यांनी स्पर्शही केला नाही, उलट सकाळी आपण विधुर होऊन उठणार अशी त्यांना धास्ती वाटली. बाई सकाळी ठणठणीत उठल्या.

एकाच रानातली एकच वस्तू, एकाला अन्न आणि दुसऱ्याला मृत्यू का वाटावी, या प्रश्नाने दोघांना आयुष्यभर पछाडले. १९५७ साली त्यांनी या विषयावर दोन खंडांचा ग्रंथ काढला. रशिया, पोलंड यांसारखे अळंबीवर प्रेम करणारे समाज आणि इंग्लंडसारखे तिला भिणारे समाज, असा भेद त्यांनी मांडला.

मग खरे कोण? भिणारे की खाणारे? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तीन उदाहरणे पाहू.

फिनलंडची 'कान-अळंबी'

फिनलंडमध्ये वसंत ऋतूत, मे महिन्याच्या सुमारास, पाइनच्या रेताड जंगलात तपकिरी रंगाची, मेंदूसारख्या वळ्यांची एक अळंबी उगवते. तिला तिथे 'कोर्वासिएनी' म्हणजे कान-अळंबी म्हणतात. तिच्या शास्त्रीय नावात 'एस्क्युलेंटा' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ 'खाण्याजोगी'. आणि गंमत अशी की ती कच्ची खाल्ली तर माणूस मरू शकतो.

तिच्यातील विष १९६८ साली जर्मन शास्त्रज्ञांनी ओळखले. त्याचे नाव जायरोमायट्रिन. पोटात गेल्यावर त्यापासून मोनोमिथाइल हायड्रॅझिन नावाचे द्रव्य तयार होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, हेच द्रव्य उपग्रहांच्या इंजिनात इंधन म्हणून वापरतात. ते यकृतावर आणि मज्जासंस्थेवर आघात करते.

तरीही फिन लोक पिढ्यान्‌पिढ्या ती खातात, कारण त्यांना तिची रीत माहीत आहे. हे विष पाण्यात उतरते आणि वाफेबरोबर उडून जाते. म्हणून एक भाग अळंबीला तीन भाग पाणी घेऊन ती किमान पाच मिनिटे उकळायची, पाणी फेकायचे, अळंबी धुवायची आणि पुन्हा नव्या पाण्यात तितकाच वेळ उकळायची. स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण वाफही विषारी. तिथल्या दुकानात ही अळंबी विकताना धोक्याची सूचना आणि ही रीत लिहून देणे बंधनकारक आहे. लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांनी ती खाऊ नये असा तिथल्या सरकारी खात्याचा सल्ला आहे. दुसरीकडे स्पेनमध्ये हिच्या विक्रीलाच बंदी आहे. दोन्ही देश आपापल्या जागी शहाणेच आहेत. एकाने रीत सांभाळली, दुसऱ्याने दार बंद केले.

जपानच्या नागानो प्रांतातही असाच प्रकार आहे. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली छत्री असते ना, ती खरोखर विषारी असते आणि खाणाऱ्याला भ्रम होतो. पण नागानोतल्या काही गावांत ती उकळून, पाणी टाकून, मग मिठात मुरवून खाण्याची जुनी चाल आहे. तिचेही विष पाण्यात विरघळणारे. ही रीत त्या गावांची. ती वाचून घरी करून पाहण्याची नव्हे.

आपल्या काश्मीर-हिमाचलची महागडी गुच्छी जगभर उत्तम मानतात. पण तीही कच्ची चालत नाही. २०२३ साली अमेरिकेच्या मोंटाना राज्यात एका उपाहारगृहात कच्च्या व अर्धकच्च्या गुच्छीने ५१ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. तात्पर्य, 'ही खाद्य आहे' एवढे वाक्य अपुरे असते. कशी, किती आणि कोणाला, हे त्यापुढे यावे लागते.

'आम्ही वर्षानुवर्षे खातो' हा पुरावा होतो काय?

आता परंपरेची दुसरी बाजू. पूर्व युरोपात एक तपकिरी, कडा आत वळलेली अळंबी शिजवून सर्रास खात. पुष्कळांना काहीच होत नसे. ज्युलियस शेफर हे जर्मनीतले अळंबीचे नामवंत अभ्यासक. १९४४ साली त्यांनी ती खाल्ली आणि सतरा दिवसांच्या आजारानंतर त्यांचा अंत झाला. अळंबी ओळखण्यात त्यांची चूक नव्हती. ती अळंबी सर्वजण खाद्यच समजत होते.

कारण पुढे कळले. ही अळंबी वारंवार खाणाऱ्या काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. दहा वेळा, वीस वेळा काही होत नाही, आणि मग एके दिवशी शरीर स्वतःच्याच रक्तातील तांबड्या पेशी फोडू लागते. म्हणजे 'इतकी वर्षे खातोय, काही झाले नाही' हे वाक्य इथे उपयोगाचे नव्हते.

फ्रान्समध्येही असेच घडले. तिथे पिवळ्या रंगाची एक अळंबी शतकानुशतके आवडीने खात. २००१ साली तिथल्या डॉक्टरांनी बारा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांनी ती लागोपाठ तीन किंवा अधिक जेवणांत खाल्ली होती. त्यांच्या अंगातील स्नायू विरघळू लागले आणि तिघे मरण पावले. पुढे फ्रान्सने तिच्या विक्रीवर बंदी घातली. पोलंडमध्ये मात्र ती आजही खाल्ली जाते आणि तज्ज्ञांत वाद सुरू आहे.

यावरून परंपरा खोटी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या गोंड भगिनी कोणत्या झाडाखाली, कोणत्या पंधरवड्यात कोणती पिहरी येते हे सांगतात, त्यांचे ज्ञान आमच्या पदवीपेक्षा त्या रानापुरते कितीतरी पक्के आहे. परंतु परंपरेला जे दिसले तेवढेच तिने सांगितले. शंभरात एकाला, वीस वर्षांनी होणारा अपाय तिच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून परंपरेचा आदर करावा आणि नवी माहिती आली तर तिचेही ऐकावे.

उकळूनही न जाणारे विष

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. 'डेथ कॅप' नावाची फिकट हिरवट अळंबी मूळची युरोपातली. तिचे विष उकळून, तळून, वाळवून, कशानेही जात नाही. एका मोठ्या माणसाचा जीव घ्यायला अर्धी छत्री पुरे होते. चवीला ती वाईट नाही असे वाचलेले लोक सांगतात, हे अधिकच घातक.

युरोपातून ओक वगैरे झाडांच्या मुळांबरोबर ती ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत पोहोचली. कोवळी असताना ती आशियात सर्वत्र खाल्ल्या जाणाऱ्या, भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी दिसते. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे २०१२ सालच्या नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात ती शिजवली गेली आणि दोघांचा मृत्यू झाला. आशियातून तिकडे गेलेली कित्येक कुटुंबे अशा गैरसमजाला बळी पडली आहेत. ती माणसे अडाणी नव्हती. आपल्या गावच्या रानात ती कधी चुकली नसती. पण त्यांच्या गावी ही फसवी जुळी बहीण नव्हतीच, त्यामुळे तिच्यापासून सावध राहण्याची शिकवणही नव्हती.

आपल्या देशातही एप्रिल २०२२ मध्ये आसामात विषारी रानअळंबी खाऊन तेरा जण दगावले. त्यांत चहाच्या मळ्यांत राबणारी कुटुंबे होती.

हे वाचताना आम्हाला आपल्याच समाजाची आठवण झाली. आपले पूर्वज कोकणातून, देशावरून माळव्यात आले. येताना भाषा आणली, गणपती आणला, पुरणपोळी आणि कोकमही आणले. ते सारे इथे रुजले. अळंबीची ओळख मात्र डब्यात भरून आणता येत नाही. ती त्या त्या मातीपुरती असते. आजींनी पन्नास वर्षांत ही गोष्ट विसरू दिली नाही, हे त्यांचे मोठेपण.

घरोघरच्या परीक्षा आणि त्यांचे खरेखोटे

अळंबी पारखण्याच्या काही युक्त्या घरोघरी सांगतात. त्या सर्व फोल आहेत.

१. चांदीचा चमचा किंवा नाणे काळे पडले तर विषारी : खोटे. डेथ कॅपने चांदी काळी पडत नाही.

२. किडे-गोगलगाय खातात ती माणसालाही चालते : खोटे. त्यांचे शरीर वेगळे, आपले वेगळे.

३. टोपीची साल सोलली गेली तर चांगली : खोटे. डेथ कॅपची सालही सहज निघते.

४. लसूण, हळद किंवा तांदूळ घालून शिजवल्यास रंग बदलतो अथवा विष उतरते : खोटे.

५. पांढरी ती चांगली, रंगीत ती वाईट : खोटे. अत्यंत विषारी जातींपैकी काही दुधासारख्या शुभ्र असतात.

आपल्या मैदानावरची छत्री

आजींनी आणलेल्या छत्र्यांचे काय झाले, असे मुले विचारतील. आमच्या जीवशास्त्राच्या शिक्षिकांनी त्यांतील एक टोपी कागदावर पालथी ठेवून वर काचेचे भांडे झाकले. दुसऱ्या दिवशी कागदावर बीजाणूंचा छाप उमटला होता, आणि तो हिरवट होता. वारुळावरच्या अळंबीचा छाप गुलाबीसर असतो. हिरवट छाप हे गवतात उगवणाऱ्या 'क्लोरोफायलम' नावाच्या एका विषारी जातीचे ठळक लक्षण आहे. उष्ण प्रदेशात बागा आणि मैदाने हे तिचे आवडते ठिकाण. ती कोवळी असताना टोपीखालचे पडदे पांढरेच दिसतात, म्हणून फसगत होते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. मोठी माणसे बहुधा बरी होतात, लहान मुलांना मात्र शरीरातील पाणी कमी होऊन धोका संभवतो.

म्हणजे आजींचे म्हणणे कागदावरही खरे ठरले. पण विद्यार्थी मित्रांनो, छाप पाहता आला म्हणून अळंबी ओळखता आली असे समजू नका. आम्ही स्वतःही तसे समजत नाही.

आता काय करायचे?

शाळेत आणि घरी पुढील गोष्टी पाळाव्यात, ही विनंती.

रानातली, मैदानातली, बागेतली कोणतीही अळंबी तोंडात घालू नये. नुसत्या स्पर्शाने विष बाधत नाही, परंतु हात लावल्यास साबणाने धुवावेत. सहलीला गेल्यावर पाहावी, चित्र काढावे, तिथेच राहू द्यावी.

कोणी खाल्लीच, तर बरे वाटते आहे म्हणून थांबू नये. प्राणघातक जातींची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात. उलट्या-जुलाबानंतर एखादा दिवस बरे वाटते आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. लगेच १०८ ला फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, सोबत न्यावी. त्यावरून डॉक्टरांना दिशा मिळते.

आणि मुलांनो, लपवू नका. "मी खाल्ली" असे सांगणाऱ्या मुलाला या शाळेत कोणी रागावणार नाही, हा आमचा शब्द आहे.

भीती एवढाच धडा शिकवावा, असे मात्र आम्हाला वाटत नाही. म्हणून आठवीच्या वर्गासाठी विज्ञानकक्षात धिंगरी अळंबीची लागवड करण्याचा विचार आहे. गव्हाचा भुसा भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून, पिशवीत थर देऊन त्यात बियाणे घालायचे. साधारण तीन आठवड्यांत पांढरे तंतू भुसा व्यापून टाकतात आणि मग धिंगरी बाहेर येते. बुरशीचे खरे शरीर कोणते आणि फळ कोणते, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. खर्च थोडा आहे. विश्वस्त मंडळाने पुढील बैठकीत यास अनुमती द्यावी, अशी विनंती आम्ही या लेखाद्वारे करीत आहोत.

पहिली धिंगरी निघेल तेव्हा आजींना शाळेत बोलावून त्यांच्या हातची कोकणी पद्धतीची भाजी करवून घ्यावी, असाही बेत आहे. त्यांना विचारले. त्या हसून म्हणाल्या, "करीन की. पण ती पिशवी आधी माझ्या डोळ्यांदेखत उघडा."

सर्वांना पावसाळ्याच्या शुभेच्छा.